आधी वचन, मग विनंती

पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. ऐकू येणे जवळजवळ बंद झालेले, प्रकृती ढासळलेली, आणि केडगावच्या मुक्ती मिशनचा भार पुढे जिच्या खांद्यावर जायचा तीच राहिली नाही. बायबलच्या मराठी भाषांतराचे काम तेव्हा शेवटच्या टप्प्यात होते. खेड्यातल्या बाईलाही वाचताना अडखळायला होऊ नये अशा सोप्या मराठीत संपूर्ण शास्त्र आणायचे, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. मजकुराचे खिळे जुळवायला आणि छापायला मुक्तीतल्याच मुली. मुलगी गेल्यावरही ते काम थांबले नाही. मुद्रिते तपासून हातावेगळी झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी या जगाचा निरोप घेतला. ग्रंथ १९२४ साली छापून पूर्ण झाला.

इतके बळ येते कुठून? भाविक माणूस चटकन म्हणेल, देवाकडून. उत्तर बरोबर आहे. पण ते कसे येते, कोणत्या वाटेने येते, हे सांगितल्याशिवाय सोमवारी सकाळी डबा भरून कामावर निघालेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही. रमाबाईंचे आयुष्य या बाबतीत फार बोलके आहे, कारण हे बळ त्यांना एका रात्रीत लाभले नाही. सिल्चरला असताना पतीच्या संग्रहात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली पुस्तिका सापडली आणि त्यांनी ती आवडीने वाचली. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि तरीही, नंतर लिहिलेल्या साक्षीत त्यांनी स्वच्छपणे मांडले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र आणखी काही वर्षांनी भेटला. मधली ती वर्षे वाचनाची, शंकांची, प्रार्थनेची होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुलींना आणून सांभाळण्याचे धैर्य त्या वर्षांतून तयार झाले.

असे बळ रोजच्या रोज घ्यावे लागते. निर्गमच्या सोळाव्या अध्यायात रानातल्या मान्नाची हकिगत आहे. लोकांनी रोज सकाळी त्या दिवसापुरताच मान्ना गोळा करायचा. काहींनी हावेने दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा होती. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकरीची मागणी त्या दिवसापुरतीच आहे. रविवारच्या उपदेशावर किंवा मिस्सेतल्या प्रवचनावर शनिवारपर्यंत तग धरण्याचा प्रयत्न अनेक घरांत चालतो आणि बुधवार-गुरुवारपर्यंत मन रिकामे होते. यात भक्ती कमी पडली असे नाही. आठवड्याचे अन्न एकदम खाता येत नाही, एवढेच.

मग रोज सकाळी नेमके काय करायचे? याचे फार उपयोगी उत्तर ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांनी लिहून ठेवले आहे. म्युलर (१८०५–१८९८) यांनी १८३६ मध्ये अनाथ मुलांसाठी घर उघडले आणि आयुष्यभरात सुमारे दहा हजार मुलांचा सांभाळ केला. कोणा माणसापुढे पैशासाठी हात पसरायचा नाही, गरज देवापुढे मांडायची, हा त्यांचा नेम होता. रमाबाईंनी त्यांचे वृत्तांत वाचले होते आणि अमेरिकेतील मदत मंडळाने त्यांच्या कामासाठी दिलेल्या दहा वर्षांच्या आर्थिक हमीची मुदत संपत आली तेव्हा त्या वाचनाचा त्यांना मोठा आधार झाला. पण म्युलर यांची सर्वांत कामाची नोंद पैशांविषयी नाही. १८४१ च्या वसंतात त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. किमान दहा वर्षे ते सकाळी कपडे करून झाले की लगेच गुडघे टेकत. आणि पहिली दहा-पंधरा मिनिटे, कधी अर्धा तास, मन नुसते भटकत राही. खरी प्रार्थना सुरू व्हायला तेवढा वेळ जाई. मग त्यांनी क्रम बदलला. आधी नव्या करारातला थोडा भाग सावकाश वाचायचा, प्रत्येक वचनातून आपल्यासाठी काय मिळते ते शोधायचे, आणि वाचता वाचताच पापांची कबुली, उपकारस्तुती, दुसऱ्यासाठी विनंती जे सुचेल ते देवाशी बोलायचे. थोड्याच मिनिटांत, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, वाचनाची आपोआप प्रार्थना होऊ लागली.

आणखी एक बारकावा त्यांनी नोंदवला आहे आणि तो पाळक, धर्मगुरू, संडे स्कूलच्या शिक्षिका यांनी विशेष ध्यानात घ्यावा. हे वाचन उपदेश तयार करण्यासाठी करायचे नाही. ते स्वतःच्या जिवाला खाऊ घालण्यासाठी करायचे. दुसऱ्यांना वाढता वाढता वाढणारा उपाशी राहतो, हे मंडळीच्या कामात असलेल्या माणसांना सांगायला नको.

आता सुरुवात कुठून करावी याबद्दल. पुष्कळ जण एक जानेवारीला उत्पत्तीपासून बसतात. उत्पत्ती गोष्टींमुळे सरते, निर्गमचा पूर्वार्ध सरतो, मग सभामंडपाची मापे आणि लेवीय येतात आणि फेब्रुवारीत पुस्तक मिटते. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत, म्हणजे वर्षभरात संपवायचे तर रोज तीनहून थोडे अधिक. डंडीचे तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकचेन यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी रोज चार अध्यायांचे वेळापत्रक केले. त्यात जुना करार वर्षातून एकदा, नवा करार आणि स्तोत्रे दोनदा होतात. आजही जगभर लोक ते वापरतात. सवय पक्की असलेल्याने ते जरूर घ्यावे. नव्याने बसणाऱ्याने मात्र मार्ककृत शुभवर्तमान घ्यावे, असे ठाम सुचवावेसे वाटते. अवघे सोळा अध्याय, सगळ्यांत छोटे शुभवर्तमान, आणि वेगवान. रोज अर्धा अध्याय घेतला तरी साधारण महिन्याभरात ते पूर्ण होते. कॅथलिक वाचकाला तर आयती सोय आहे. मिस्सेतली रोजची वाचने ख्रिस्तसभेने ठरवून दिलेली असतात, तीच घरी काढून वाचली की झाले.

वाचायचे कसे, हे एका भागावर करून पाहू. मार्कच्या पहिल्या अध्यायातली ३२ ते ३९ ही वचने घ्या. कफर्णहूमची संध्याकाळ. सूर्य मावळल्यावर लोक आजाऱ्यांना घेऊन येतात, सगळे गाव दाराशी जमते. येशू पुष्कळांना बरे करतो. दुसऱ्या दिवशी पहाटे, अजून बराच अंधार असताना, तो उठून एकांतात जातो आणि प्रार्थना करतो. शिमोन आणि सोबती शोधत येतात: सगळे तुझा शोध करत आहेत. आणि येशू त्या गर्दीकडे परत न जाता आसपासच्या गावांकडे निघतो.

पहिल्यांदा सरळ वाचावे. दुसऱ्यांदा वाचताना कुठे थांबावेसे वाटते ते पाहावे. एखाद्या गृहिणीचे लक्ष दाराशी लोटलेल्या गावाकडे जाईल, कारण तिच्याही दाराशी सकाळपासून कोणी ना कोणी उभे असते. एखाद्याला पहाटेचा अंधार अडवेल: इतक्या दमणुकीच्या रात्रीनंतर हा उठला कसा? दुकानदाराला किंवा सरकारी कचेरीत बसणाऱ्याला शेवटची गोष्ट टोचेल. सगळे शोधत असताना येशू नाही म्हणू शकला, कारण त्या दिवशी काय करायचे हे त्याने आधीच पित्यापाशी ठरवले होते. आपल्याला जे अडले तेवढेच घ्यावे आणि ते देवापुढे साध्या मराठीत बोलावे. ‘प्रभो, आज सासूबाईंना दवाखान्यात न्यायचे आहे, दुपारी बँकेत जायचे आहे, मुलाची परीक्षा आहे. सगळ्यांना पुरे पडायला जाऊ नकोस असे तूच मला सांग. यातले माझे कोणते ते दाखव.’ झाली प्रार्थना. त्यासाठी ग्रांथिक भाषा लागत नाही.

वाचनात केवढी ताकद आहे याचा एक दाखला मराठी वाचकाच्या घरचाच आहे. १८९३ च्या सुमारास कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यातल्या एका युरोपियन गृहस्थाशी बोलणे झाले आणि त्याने उतरताना त्यांच्या हाती नवा करार दिला. टिळक पहिल्यापासून वाचू लागले. मत्तयच्या पाचव्या ते सातव्या अध्यायातल्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि पुढे सरकेचनात. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. आधी कोणाचे व्याख्यान नव्हते, वाद नव्हता. तीन अध्याय होते आणि मन लावून वाचणारा एक माणूस होता.

प्रार्थनेला शब्दच सुचत नाहीत अशीही वेळ येते. घरात मृत्यू, नोकरी जाणे, तपासणीचा वाईट अहवाल. अशा वेळी स्तोत्रसंहिता उघडावी. तिच्यातल्या दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत, ही गोष्ट मंडळ्यांतून पुरेशी सांगितली जात नाही. तेराव्या स्तोत्राची सुरुवात ‘किती वेळ?’ अशा अर्थाच्या तक्रारीनेच होते. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही, आणि तरीही ते शास्त्रात आहे. देवापुढे रडण्याची, भांडण्याची, गप्प बसण्याची मुभा देवानेच दिली आहे. दुःखात असलेल्या माणसाला ‘विश्वास ठेव, हसत राहा’ असे सांगण्यापेक्षा त्याच्याजवळ बसून त्याच्या वतीने तेरावे स्तोत्र वाचणे कितीतरी मोलाचे. सहाच वचने आहेत. त्यालाही ऐकताना जड जात नाही.

इथे एका गैरसमजाचा समाचार घ्यायलाच हवा. फिलिप्पैकरांस पत्रातले चौथ्या अध्यायातले तेरावे वचन घराच्या भिंतीवर, गाडीच्या काचेवर, दिनदर्शिकेवर दिसते. ख्रिस्ताच्या बळावर मी सर्व काही करू शकतो, असा त्याचा अर्थ लोक धरतात, आणि मग परीक्षा, धंदा, स्पर्धा यांत यश मिळण्याची हमी म्हणून ते वापरतात. मागची दोन वचने वाचली की चित्र पालटते. पौल बंदिवासात आहे. तो सांगतो आहे ते पोट भरलेले असताना आणि उपाशी असताना, विपुलतेत आणि टंचाईत, दोन्हीकडे समाधानी कसे राहायचे हे आपण शिकलो म्हणून. त्याला जिंकण्याचे नव्हे, निभावण्याचे बळ मिळाले होते. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात तोच पौल आपल्या शरीरातल्या काट्याविषयी लिहितो. तो काढून टाक म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवले. काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे आणि सामर्थ्य दुर्बलतेतच पूर्णत्वाला जाते, एवढे उत्तर मिळाले. ज्याची प्रार्थना ऐकली गेली नाही असे वाटते त्याने हा अध्याय अनेकदा वाचावा. ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असे आजाऱ्याच्या नातेवाइकांना सांगणाऱ्यांनीही वाचावा. पौलाचा विश्वास कमी होता असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

देवावर भिस्त ठेवणे म्हणजे औषध बंद करणे नव्हे. पहिल्या राजेच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया ईजबेलीच्या धाकाने पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवदूत त्याला काय देतो? निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. खा, असे म्हणतो. एलीया खाऊन पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवून पुन्हा जेवू घालतो. होरेब डोंगरावर देवाचा मंद स्वर त्यानंतर, चाळीस दिवसांच्या चालीनंतर ऐकू येतो. देवाने आधी झोप आणि जेवण दिले. पौलाचा सोबती लूक वैद्य होता. मधुमेहाची गोळी घेणे, मन खचले असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे, यांत अविश्वास कुठेच नाही. प्रार्थना करून डॉक्टरकडे जावे, आणि परत आल्यावर आभार मानावेत.

वेळेचा प्रश्न खरा आहे. पहाटेची शिफारस सगळे करतात, आणि ज्यांना जमते त्यांच्यासाठी ती चांगलीच आहे, पण रात्रपाळी करून सकाळी आठला घरी येणाऱ्या परिचारिकेला पहाटेचा आग्रह धरणे अन्याय आहे. तिची सकाळ दुपारी चारला उगवते. तिने तेव्हा वाचावे. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे, म्हणजे वेळ एकच असली पाहिजे असा नियम नाही. ठरलेली मात्र हवी. विरारहून चर्चगेटला जाणारा लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवर एक स्तोत्र वाचू शकतो. बायबलची मराठी भाषांतरे आता अ‍ॅपवर आहेत, ध्वनिमुद्रितही आहेत. फक्त वाचताना संदेशांच्या सूचना बंद कराव्यात. घरी असताना मात्र शक्यतो छापील प्रत घ्यावी. समासात तारीख लिहिता येते, आणि पाच वर्षांनी ती तारीख पाहून त्या दिवशी काय चालले होते ते आठवते.

डोळे अधू झालेल्यांनी किंवा वाचता न येणाऱ्यांनी कमीपणा वाटून घेऊ नये. मराठी ख्रिस्ती परंपरा तर ऐकण्यापासूनच सुरू झाली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोलला छापले गेले. नवख्रिस्ती लोकांना पुराण ऐकायची सवय होती, म्हणून बायबलची कथा ओव्यांत आणली, जवळजवळ अकरा हजार ओव्यांत, आणि लोक ती एकत्र बसून ऐकत. वसईच्या कॅथलिक घरांत तिन्हीसांजेला रोझरी होते, प्रॉटेस्टंट घरांत कौटुंबिक उपासना. यातून मुलांच्या कानावर जे पडते ते पुढे पन्नास वर्षे टिकते. नातवाने आजीला रोज एक अध्याय वाचून दाखवावा. दोघांचेही काम होते, आणि आजी मध्येच जे सांगेल ते कुठल्या भाष्यग्रंथात मिळायचे नाही. भाषा जड वाटणाऱ्यांसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आहे. या पुस्तकाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. तरुण मुलांच्या हाती ते द्यायला हरकत नाही.

कौटुंबिक प्रार्थना लांबवू नये. दहा मिनिटे पुरेत. एक भाग वाचावा, प्रत्येकाने एका वाक्यात एक विनंती सांगावी, प्रभूची प्रार्थना म्हणावी आणि ताटे घ्यावीत. लहान मुलाने शेजारच्या कुत्र्यासाठी प्रार्थना केली तर हसू नये. प्रार्थनेच्या आडून कोणाला टोमणेही मारू नयेत. ‘प्रभो, काहींना अभ्यासाची बुद्धी दे’ अशी विनंती ऐकून मुलगा उठून जातो ते पुन्हा बसत नाही.

एक वही ठेवावी. म्युलर ठेवत. एका बाजूला विनंती आणि तारीख, समोर जागा मोकळी. उत्तर मिळाले की तिथे लिहावे: हो, नाही, किंवा वेगळेच काही. वर्षाने वही चाळली म्हणजे दोन गोष्टी दिसतात. कितीतरी विनंत्या आपण विसरूनही गेलो होतो, आणि त्यांतल्या काही पूर्ण झाल्या होत्या. दुसरे म्हणजे आपण सतत स्वतःसाठीच मागत असतो. ते दिसले की रोज एका बाहेरच्या माणसाचे नाव घालावे, आणि शक्य असेल तर त्याला फोन करून सांगावे, की आज तुझ्यासाठी प्रार्थना केली. आजारी माणसाला त्या फोनाने किती आधार वाटतो हे ज्याने अनुभवले त्यालाच माहीत.

खंड पडेल. लग्नसराईत, पेरणीच्या दिवसांत, मूल आजारी असताना आठ-आठ दिवस पुस्तक उघडले जाणार नाही. मग राहिलेले अध्याय भरून काढण्याच्या मागे लागू नये. बहुतेकांचा नेम त्या थकबाकीच्या ओझ्यानेच मोडतो. आजच्या तारखेचा भाग काढावा आणि तिथून चालू लागावे. कोरडे दिवसही येतील, वाचले तरी काही न वाटण्याचे. अशा दिवशी वाचन कमी करावे, बंद करू नये. एकशेसतरावे स्तोत्र दोनच वचनांचे आहे. तेही पुरते.

वर्षानुवर्षे एकट्याने वाचणाऱ्यांनी एक सोबती शोधावा. मंडळीतला, शेजारचा, दूरच्या शहरातला बालमित्रही चालेल. आठवड्यातून एकदा, काय वाचले आणि कशासाठी प्रार्थना करू, एवढे दोन प्रश्न एकमेकांना विचारावेत. केडगावलाही रमाबाई एकट्या नव्हत्या. त्यांच्याबरोबर प्रार्थनेला बसणाऱ्या मुली आणि बायका होत्या, आणि १९०५ साली तिथे जे आध्यात्मिक जागरण झाले ते अशाच रोजच्या प्रार्थनेच्या गटांतून सुरू झाले.

तेव्हा आज रात्री झोपण्याआधी मार्कचे पान काढून, खूण घालून पुस्तक उशाशी ठेवा. उद्या उठल्यावर मोबाइलला हात लावण्याआधी पहिली पंधरा वचने वाचा. त्यांतले जे वचन अडवेल ते घेऊन दोन मिनिटे देवाशी बोला आणि कामाला लागा.